फ्रीमेसन मंडळींचा दानधर्म

फ्रीमेसन म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम एक बंद दरवाजा उभा राहतो. आंत शपथा कोणत्या घेतात, खुणा कोणत्या करतात, याविषयीं कुतूहल फार आणि माहिती थोडी. उत्तर हिंदुस्थानांत तर त्यांच्या सभागृहाला लोक ‘जादूघर’ म्हणत. परंतु या मंडळींच्या व्यवहाराची एक बाजू अशी आहे कीं, ती त्यांनीं कधींच झांकून ठेवली नाहीं. पोरक्या मुलींसाठीं कोणत्या शाखेनें किती पौंड दिले, कोणत्या सभासदानें किती वर्गणी गोळा केली, याच्या लांबच लांब याद्या एकोणिसाव्या शतकांत ते नियमानें छापीत असत. आपल्या परंपरेशीं ताडून पाहिलें तर हा प्रकार अगदीं उलटा दिसतो. आपल्याकडे विधि चारचौघांत होतो आणि दान गुप्त असावें, या हाताचें त्या हाताला कळूं नये, असें सांगितलें जातें. त्यांच्याकडे विधि गुप्त आणि दान उघड.

श्रोतेहो, या उघड दानाचा इतिहास तीनशें वर्षांचा आहे. तो केवळ औदार्याचा इतिहास नाहीं. पैसा कसा जमवावा हें या मंडळींना फार लवकर साधलें. पण घेणाऱ्याची मान खालीं न जातां तो त्याच्या हातीं कसा द्यावा, हें शिकावयास त्यांना जवळजवळ दोन शतकें लागलीं. आज त्या शिक्षणाची हकीकत सांगावयाची आहे.

मेसन म्हणजे पाथरवट. मध्ययुगांत इंग्लंड-स्कॉटलंडांतील मोठमोठीं चर्चें बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ होते, आणि कामाच्या जागीं उभारलेल्या त्यांच्या झोपडीस ‘लॉज’ म्हणत. सतराव्या शतकांत, ज्यांनीं जन्मांत छिन्नी हातीं धरली नव्हती असे गृहस्थही या संघांत शिरूं लागले. हत्यारें राहिलीं, पण तीं नीतिपाठाचीं प्रतीकें म्हणून. परंपरा असें सांगते कीं, २४ जून १७१७ रोजीं लंडनांतील चार लॉज सेंट पॉल चर्चच्या आवारांतील ‘गूज अँड ग्रिडायरन’ नांवाच्या मद्यगृहांत एकत्र आल्या आणि ग्रँड लॉज स्थापन झाली; कांहीं अलीकडील संशोधक ही घटना १७२१ सालची मानतात. १७२३ सालीं जेम्स अँडरसन यांनीं संकलित केलेला नियमांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७२४ सालीं, ग्रँड मास्टरच्या पदावरून नुकतेच उतरलेले डल्कीथचे अर्ल यांनीं अशी सूचना मांडली कीं, संकटांत सांपडलेल्या बांधवांसाठीं सर्व शाखांनीं मिळून एक सामायिक निधि उभारावा. संस्था बाल्यावस्थेंत असतांनाच दानाची पेटी तिच्या मध्यभागीं येऊन बसली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

याचें कारण त्या काळच्या लंडनच्या जीवनांत सांपडतें. लॉजमध्यें सरदार-उमराव असत, तसे दुकानदार, कारागीर, नाखवे आणि वैद्यही असत. या दुसऱ्या वर्गाचें स्थैर्य फार नाजुक होतें. सामान्यांच्या आटोक्यांत विमा नव्हता, वार्धक्याचें वेतन नव्हतें, आणि कर्ज फिटलें नाहीं तर तुरुंग ठरलेला. कालपर्यंत प्रतिष्ठित असलेला मनुष्य एका आजारपणांत वा एका बुडालेल्या गलबतापायीं दारिद्र्यांत कोसळे. गांवच्या धर्मादाय खात्याकडे जाणें म्हणजे उरलीसुरली अब्रू घालविणें. अशा वेळीं ज्या बांधवांबरोबर आपण जेवलों-बसलों त्यांच्याच पेटींतून मदत मिळाली तर ती भीक वाटत नसे. आपण स्वतः तींत पैसे टाकलेले असत.

या भावनेला त्यांनीं आपल्या दीक्षाविधींतच स्थान दिलें आहे. हा भाग आतां छापील पुस्तकांतूनही आढळतो, म्हणून तो सांगण्यांत रहस्यभेद नाहीं. नवा उमेदवार आंत येण्यापूर्वीं त्याच्या अंगावरचे पैसे आणि धातूच्या सर्व वस्तु काढून घेतात. दीक्षा झाल्यावर त्याला ईशान्य कोपऱ्यांत उभें करतात, कारण इमारतीचा पायाचा दगड तेथें बसवितात, आणि सर्वांदेखत त्याच्यापुढें दानाची मागणी करतात. तो चांचपून पाहतो. जवळ एक पैही नसते. मग त्याला सांगतात कीं, पुढें कधीं एखादा बांधव असाच रिकाम्या हातांनीं तुझ्यापुढें उभा राहिला तर हा क्षण आठव. दात्यानें एकदां तरी याचकाच्या जागीं उभें राहावें, हा यांतला बोध. विचार मोठा आहे. मात्र जो बोध दीक्षेच्या दिवशीं कोपऱ्यांत उभें राहून मिळाला, तो संस्थेच्या कारभारांत उतरावयास किती काळ गेला, तेंच आतां पाहावयाचें आहे.

सामायिक निधीच्या पुढचें पाऊल टाकलें तें एका दंतवैद्यानें. बार्थोलोम्यू रुस्पिनी हा इटलींतील बर्गामो प्रांतांतला. इंग्लंडांत येऊन त्यानें दांतांच्या शस्त्रक्रियेंत नांव मिळविलें, १७६८ सालीं दांतांवर एक ग्रंथ लिहिला, आणि पुढें युवराजांचा दंतवैद्य झाला. परदेशांतून आलेल्या या माणसाला लॉजनें समाजांत स्थान दिलें होतें, आणि त्या ऋणाची जाणीव त्याला असावी. त्याच्या खटपटीनें २५ मार्च १७८८ रोजीं निराधार झालेल्या फ्रीमेसनांच्या मुलींसाठीं एक शाळा काढण्याचें ठरलें. डचेस ऑफ कंबरलंड यांनीं आश्रय दिला म्हणून शाळेला त्यांचें नांव मिळालें, आणि १७८९ च्या आरंभीं १५ मुली घेऊन ती सुरू झाली. मुलांसाठीं नव्हे, मुलींसाठीं आधीं, हें विशेष. बाप गेलेला मुलगा कोठें तरी उमेदवारी करून पोट भरील. बाप गेलेल्या मुलीपुढें लंडनच्या रस्त्यांवर काय वाढून ठेवलेलें असे, हें रुस्पिनीला आणि त्याच्या मित्रांना पक्कें ठाऊक होतें.

शाळेंत वाचन, शिवणकाम आणि घरकाम शिकवीत, आणि मुली मोठ्या झाल्या कीं त्यांना सभ्य घरांत कामास लावून देत. आजच्या दृष्टीनें हें ध्येय अगदीं बेताचें वाटेल. त्या वेळीं तें सुरक्षित आयुष्याचें तिकीट होतें. १७९५ सालीं शाळा साउथवर्कला स्वतःच्या इमारतींत गेली, १८५२ सालीं बॅटर्सी राइझला आणि १९३४ सालीं रिकमन्सवर्थला. स्थळें बदलत गेलीं तसें शिक्षणही बदललें. १८६० नंतरच्या काळांत मुली बाहेरच्या परीक्षांना बसूं लागल्या, आणि मोलकरीण घडविण्याचें जुनें ध्येय हळूहळू मागें पडलें.

परंतु हा खर्च भागवावयाचा कसा? येथेंच फ्रीमेसन मंडळींची खरी कर्तबगारी दिसून येते. दरवर्षीं एक उत्सव-भोज होई. त्यासाठीं प्रत्येक शाखेंतून एक ‘स्टुअर्ड’ पुढें येई. स्टुअर्ड म्हणजे वर्गणी जमविण्याचा भार शिरावर घेणारा सभासद. तो वर्षभर आपल्या शाखेंत यादी फिरवी. भोजनाच्या रात्रीं एखाद्या राजपुत्राच्या अध्यक्षतेखालीं शाखाशाखांचे आंकडे मोठ्यानें वाचून दाखवीत. कोणाचा आंकडा मोठा झाला, कोणाचा मागें राहिला, हें सर्वांना ऐकूं जाई. येथें ईर्ष्या होती, मान होता, थोडा डामडौलही होता. पण या सर्वांना त्यांनीं कामाला जुंपलें. १८८८ सालीं मुलींच्या शाळेचा शतसांवत्सरिक उत्सव युवराजांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें झाला, तेव्हां ५०,००० पौंडांहून अधिक वर्गणी जमली. दहा वर्षांनीं, १८९८ सालीं, मुलांच्या संस्थेच्या शतसांवत्सरिक उत्सवांत १,००,००० पौंडांचाही आंकडा ओलांडला गेला.

आतां या चित्राची दुसरी बाजू पाहूं. या भोजनप्रसंगीं शाळेंतील मुलींना दात्यांच्या समोर आणीत. त्या रांगेनें दिवाणखान्याला प्रदक्षिणा घालीत आणि प्रार्थनागीतें म्हणत. १८०२ सालचें एक प्रसिद्ध कोरीव चित्र आहे. स्टॉथर्डनें काढलेलें आणि बार्तोलोझीनें कोरलेलें. त्यांत वृद्ध रुस्पिनी स्वतः मुलींची मिरवणूक घेऊन येतांना दाखविला आहे. चित्र मनोहर आहे. दात्यांचे डोळे पाणावत आणि थैल्या सैल होत, यांत शंका नाहीं. पण रांगेंतल्या त्या मुलींना काय वाटत असेल, याची नोंद कोणत्याही यादींत नाहीं. आपल्याकडे वार लावून जेवलेल्या विद्यार्थ्यांनीं पुढें मोठेपणीं लिहिलेल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांना याची थोडीबहुत कल्पना येईल. अन्न गोड असतें. पण तें कोणाचें आहे हें रोज उंबरठ्यावर उभें राहून कळत असतें.

याहून कठीण परीक्षा शाळेंत प्रवेश मिळविण्याची होती. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ. तेव्हां निवड मतांनीं होई, आणि मतें वर्गणीच्या प्रमाणांत मिळत. ज्यानें अधिक दिलें त्याला अधिक मतें. इंग्लंडांतील पुष्कळ धर्मादाय संस्थांत ही पद्धत होती. फ्रीमेसनांनीं ती तशीच उचलली. यामुळें वर्गणी वाढे हें खरें. परंतु पति गमावलेल्या स्त्रीला आपल्या मुलीच्या नांवाचीं छापील पत्रकें काढून अनोळखी वर्गणीदारांना पाठवावीं लागत. बाप कोण होता, किती वर्षें सभासद होता, घरांत किती मुलें उरलीं, हें सारें त्यांत मांडावें लागे. एका निवडणुकींत मतें कमी पडलीं तर तीं पुढच्या निवडणुकीसाठीं जमा धरीत, आणि ती बाई पुन्हां पत्रें लिहावयास बसे. जिच्या नवऱ्याच्या ओळखी मोठ्या तिची मुलगी आधीं आंत जाई. जिला कोणी नाहीं, म्हणजे जिला गरज सर्वांत जास्त, ती मागें राही. १८७० नंतर इंग्लंडांत या पद्धतीविरुद्ध चळवळ उभी राहिली, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारख्या स्त्रियांनींही तिच्यावर टीका केली. पण दात्याच्या हातांतली सत्ता काढून घेतली तर पेटी रिकामी पडेल, ही भीति मोठी होती. फ्रीमेसनांच्या संस्थांतून ही पद्धत विसाव्या शतकांतही बराच काळ टिकून राहिली.

दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. १७९८ सालीं, म्हणजे मुलींच्या शाळेनंतर दहा वर्षांनीं, ‘एन्शंट’ म्हणविणाऱ्या प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजमधील विल्यम बर्वूड आणि त्याचे सहकारी यांनीं मुलांसाठीं निधि काढला. त्यांनीं आरंभीं शाळा बांधलीच नाहीं. ६ मुलांपासून सुरुवात केली. त्यांना कपडे द्यावयाचे आणि त्यांच्या घराजवळच्या शाळेची फी भरावयाची, एवढीच योजना. मुलगा आईपाशींच राही. वर्गांतल्या इतर मुलांपेक्षां तो निराळा आहे हें कोणाला दिसत नसे. दोन्ही ग्रँड लॉज १८१३ सालीं एक झाल्या आणि पुढें १८५७ सालीं मुलांसाठींही लंडनच्या उत्तरेस वूड ग्रीन येथें स्वतंत्र शाळा उभी राहिली. इमारत दाखवितां येते, तिच्या भिंतीवर नांवें कोरतां येतात. शेजारच्या शाळेंत भरलेली फी कोणाला दाखविणार?

हाच वाद वृद्धांच्या बाबतींत उघडपणें झडला. डॉ. रॉबर्ट क्रूसफिक्स यांना थकलेल्या निर्धन बांधवांसाठीं आश्रम बांधावयाचा होता. ग्रँड मास्टर ड्यूक ऑफ ससेक्स यांचें मत असें कीं, विटामातींत पैसा घालण्यापेक्षां वृद्धांना घरबसल्या वार्षिक नेमणूक द्यावी. वाद इतका चिघळला कीं, १८४० सालीं क्रूसफिक्स यांना निलंबित करण्यांत आलें. १८४२ सालीं नेमणुकीचा निधि सुरू झाला. १८५० सालीं क्रॉयडनचा आश्रम उघडला आणि दोन्ही योजना एकत्र करण्यांत आल्या. ज्याला घर आहे त्याला घरीं द्यावें, ज्याला घर नाहीं त्याला घर द्यावें, हा साधा विचार एवढ्या भांडणानंतर मान्य झाला.

याच सुमारास या चळवळीचा आपल्या मुंबईशीं निकटचा संबंध आला. ३ जानेवारी १८४३ रोजीं सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाचा पायाचा दगड डॉ. जेम्स बर्न्स यांच्या हस्तें फ्रीमेसन पद्धतीच्या समारंभानें बसविण्यांत आला. पैसा जमशेटजींचा आणि सरकारचा. फ्रीमेसनांचा वाटा समारंभाचा. बंद दरवाजाआडचीं मंडळी धान्य, तेल आणि मद्य घेऊन भर रस्त्यांतून मिरवणुकीनें आलीं तेव्हां मुंबईकरांना मोठें नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. परंतु त्याच काळांत ‘सर्व मानव बांधव’ या तत्त्वाची कसोटी लागली. माणेकजी करसेटजी या विद्वान पारशी गृहस्थांनीं मुंबईच्या इंग्रजी लॉजमध्यें प्रवेश मागितला तेव्हां त्यांना नकार मिळाला. त्यांनीं पॅरिसला जाऊन तेथील लॉजमध्यें दीक्षा घेतली. अखेर १५ डिसेंबर १८४३ रोजीं बर्न्स यांच्या पुढाकारानें ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईंत निघाली आणि हिंदी लोकांसाठीं दार उघडलें. बंगालमध्यें प्रसन्नकुमार दत्त यांना तर जवळजवळ नऊ वर्षें झगडावें लागलें आणि १८७२ सालीं त्यांना प्रवेश मिळाला. पुढें मुंबईच्या लॉजमधून झेंद अवेस्ता, कुराण आणि गीता हे ग्रंथ बायबलाच्या शेजारीं ठेवलेले दिसूं लागले.

हा प्रश्न दानाशीं निगडित आहे, कारण पेटी बांधवांसाठीं असेल तर बांधव कोण, हें आधीं ठरवावें लागतें. माणेकजींचें पुढील कार्य या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८६३ सालीं त्यांनीं मुंबईंत हिंदी मुलींसाठीं अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. ती फ्रीमेसनांची संस्था नव्हे. पण दारांत अडविला गेलेला मनुष्य दुसऱ्यांसाठीं दार उघडतांना दिसतो, एवढें तरी म्हणतां येईल.

पहिल्या महायुद्धानंतर देणग्यांचा ओघ दोन वाटांनीं वाहिला. युद्धांत मरण पावलेल्या ३,००० हून अधिक बांधवांच्या स्मरणार्थ लंडनांत नवें भव्य सभागृह बांधण्यासाठीं १०,००,००० पौंडांचा निधि सुरू झाला. १० गिनी देणाऱ्यास रुप्याचें, १०० गिनी देणाऱ्यास सोन्याचें पदक मिळे. १९३३ सालीं हें सभागृह पूर्ण झालें. दुसरी वाट रुग्णालयाची. १९१६ सालीं जखमी सैनिकांसाठीं उघडलेल्या फ्रीमेसन रुग्णालयांतूनच पुढें रॅव्हन्सकोर्ट पार्कचें नवें रुग्णालय उभें राहिलें, आणि त्याचेंही उद्घाटन १९३३ सालींच राजे पंचम जॉर्ज यांनीं केलें. एकाच वर्षीं एक वास्तु स्वतःसाठीं आणि एक आजाऱ्यांसाठीं पुरी झाली. सभागृह आजही उभें आणि वापरांत आहे. रुग्णालय १९९६ सालीं बंद पडलें.

कारण मधल्या काळांत जग बदललें होतें. १९४८ सालीं ब्रिटनमध्यें सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. शिक्षण आणि वार्धक्याचें वेतन यांचाही बराच भार सरकारनें उचलला. ज्या खाईंत पडण्याच्या भीतीनें १७२४ सालीं पेटी ठेवली गेली, ती खाई पुष्कळशी बुजली. तेव्हां आपल्या दानाचें काय करावें, हा प्रश्न उभा राहिला. बॅग्नल समितीनें १९७३ सालीं सर्व संस्थांचा आढावा घेतला. मुलांची शाळा १९७७ सालीं बंद झाली. मुलींची शाळा चालू राहिली. मात्र आतां ती केवळ फ्रीमेसनांच्या मुलींसाठीं नाहीं. गरजू मुलांना त्यांच्या स्वतःच्या घरीं आणि त्यांच्या गांवच्या शाळेंत मदत देण्यावर भर आला. म्हणजे १७९८ सालच्या ६ मुलांच्या त्या लहानशा योजनेकडेच मंडळी परत आलीं. १९८० नंतर ग्रँड चॅरिटी या संस्थेमार्फत सभासद नसलेल्यांसाठींही मोठ्या प्रमाणावर देणग्या जाऊं लागल्या, आणि २०१६ सालीं चार मोठे निधि मिळून मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन ही एकच संस्था झाली. भारतांतही २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. कोइमतूरचें मुलांचें वैद्यकीय केंद्र हें तिच्या बांधवांच्या दानाचें एक उदाहरण होय.

या साऱ्या हकीकतींतून काय दिसतें? उघड दानाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. हिशेब उघड असला कीं पैसा वाढतो, अफरातफर टळते, आणि शेजाऱ्यानें दिलेलें पाहून आपलाही हात खिशाकडे जातो. गुप्तदानाच्या नांवाखालीं मुळीं दानच न करणारेही पुष्कळ असतात. पण देणाऱ्याचा हिशेब उघड ठेवावयाचा म्हणून घेणाऱ्याचें दुःखही उघड्यावर मांडलें पाहिजे, असें नाहीं. फ्रीमेसन मंडळींनीं या दोन गोष्टींची प्रथम गल्लत केली आणि फार सावकाश ती निस्तरली. आपल्याकडे शिष्यवृत्त्या, वसतिगृहें, रुग्णनिधि यांच्यासाठीं वर्गणी जमते. समारंभ होतात, धनादेश हातांत देतांना छायाचित्रें निघतात. त्या छायाचित्रांत देणाऱ्याचा चेहरा असावा. घेणाऱ्याचा असलाच पाहिजे काय, एवढा प्रश्न प्रत्येक चिटणिसानें समारंभाच्या आदल्या दिवशीं स्वतःला विचारावा. ईशान्य कोपऱ्यांत रिकाम्या हातांनीं उभें राहण्याचा तो पाठ दीक्षा न घेतांही गिरवितां येतो.